नरडाण्याची चौफुली

नरडाण्याला यायचं तर सुरतेकडून येणाऱ्या गाडीनं या, आणि डाव्या खिडकीशी बसा. नंदुरबार सोडलं की त्या बाजूला सातपुडा दिसायला लागतो. आधी नुसती निळसर रेघ, मग तिच्यातले कंगोरे. दोंडाईचा मागे पडतं, शिंदखेडा मागे पडतं, सातपुडा मात्र सोबतच राहतो. त्याच्या आणि तुमच्या मध्ये तापी आहे, पण ती दिसत नाही. मुलताईपासून खंभातच्या आखातापर्यंत ७२४ किलोमीटर वाहणारी एवढी मोठी नदी, आणि दोन-चार कोसांवरून तिचा पत्ता लागू नये! उंच दरडींच्या मधून, जमिनीत खोल उतरून ती वाहते. हे ध्यानात ठेवा. या मुलखाचं बरंचसं दुःख त्या खोलीतून वर आलेलं आहे.

गाडी थांबते, तुम्ही उतरता. गाव धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं. स्टेशनातून बाहेर पडून महामार्ग गाठा. ट्रकांची रांग उत्तरेला शिरपूर, पळासनेर, सेंधव्याकडे निघालेली. दुसरी रांग दक्षिणेला सोनगीर, धुळे, मालेगावकडे. हाच तो मुंबई-आग्रा रस्ता. रूळ पूर्व-पश्चिम धावतात, रस्ता दक्षिणोत्तर. जिथे दोघं एकमेकांना छेद देतात तिथे उभे राहा. तुम्हांला इथून फार लांब न्यायचं नाही. पंचवीसेक कोसांच्या आतच हिंडायचं आहे. काळ मात्र मोठा आहे.

पहिला मुक्काम साडेसहा कोटी वर्षांमागचा. तुमच्या पायाखालची जमीन अजून तयार व्हायची आहे. मैलोन्‌मैल लांबीच्या भेगा पडतात आणि त्यांतून तापलेला रस वर येऊन पसरतो, थिजतो. मधे पुष्कळ काळ जातो, पुन्हा भेग पडते, पुन्हा थर बसतो. महाराष्ट्राचा काळा कातळ असा थरावर थर चढून झाला. खानदेशात आणखी एक गोष्ट घडली. शेवटी शेवटी वर आलेला रस भेगांमध्येच अडकून उभाच्या उभा थिजला. आता काळ भरभर पुढे ढकला. ऊन-पावसानं भोवतालचा मऊ खडक झिजून जातो आणि त्या उभ्या पट्ट्या भिंतींसारख्या उघड्या पडतात. धुळे-नंदुरबार भागात भूशास्त्रज्ञांनी अशा दोनशेहून अधिक भिंती मोजल्या आहेत. त्यांतली सर्वांत लांब ७९ किलोमीटरची, साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेली. परका माणूस ती डोंगराची सोंड समजून पुढे जातो.

या भिंती बहुतेक पूर्व-पश्चिम आहेत. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम आहे, सातपुडाही तसाच. म्हणून सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणाऱ्याला सरळ सपाट वाट मिळते, आणि हिंदुस्तानातून दख्खनेत उतरणाऱ्याला आधी सेंधव्याचा घाट, मग तापी, मग या दगडी ओळींतल्या खिंडी ओलांडाव्या लागतात. नरडाण्याची फुली इंजिनिअरांनी कागदावर आखण्याच्या फार आधीच जमिनीवर पडलेली होती.

आता चार हजार वर्षांमागे थांबू. तापीच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी शेती करणारी माणसं आली आहेत. १९५४-५५ मध्ये प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, पुढे साक्री तालुक्यात कावठे इथे डेक्कन कॉलेजनं केलं, त्यामुळे या माणसांची घरं आपल्याला ठाऊक आहेत. घर कसलं, जमिनीत खणलेला गोल खड्डा आणि वर गवताचं छप्पर. तुम्ही वाकून आत उतरता. बाहेर फुफाटा आहे, आत बरीच थंडाई. कोपऱ्यात हाडांची हत्यारं घासून ठेवलेली. मडकं हातात घेऊन पाहा, त्यावर बाणाचं टोक रंगवलं आहे, मासे धरायचा गळ रंगवला आहे. विद्वान याला सावळदा संस्कृती म्हणतात. मला त्या गळाचं चित्र फार महत्त्वाचं वाटतं. हे लोक तापीत खाली उतरत होते, तिच्यातलं अन्न वर आणत होते. पाणी मात्र शेतापर्यंत वर चढवणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. ते जमायला पुढची चार हजार वर्षं लागली.

मधली बरीच शतकं ओलांडू आणि १३७० मध्ये थाळनेरला जाऊ. शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर, दरडीवर किल्ला आहे. फिरिश्ता सांगतो ती हकिकत अशी : दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक शिकारीत वाट चुकला, भुकेला झाला, आणि मलिक राजा नावाच्या एका साध्या घोडेस्वारानं आपल्याजवळचं त्याला खाऊ घातलं. त्याचं इनाम म्हणून थाळनेर आणि करवंदचा मुलूख मिळाला. हकिकतीत रंग किती भरला असेल तो असो. फारुकी घराणं इथून सुरू झालं हे खरं, आणि दोनशे वर्षांहून जास्त काळ खानदेश त्यांच्याकडे राहिला. राजधानी लवकरच बऱ्हाणपूरला गेली. १६०१ च्या आरंभी अकबरानं असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. थाळनेरला त्यांचे घुमट उरले आहेत. त्यांतला अष्टकोनी, कोरीव कामाचा एक अवश्य पाहा. वाट वाकडी करून पाहायच्या तोडीचा आहे आणि फारच थोडे लोक पाहतात.

आणखी पुढे, सतराव्या शतकाच्या मध्यात. आता आपल्या चौफुलीवर परत या. रूळ नाहीत, पण पूर्व-पश्चिम वाट आहे आणि तिच्यावर धुळीचा लोट येतो आहे. सुरत ते बऱ्हाणपूर, आणि पुढे आग्रा, असा हा मोगलाईतला मोठा व्यापारी रस्ता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच वाटेनं गेला, आणि त्यानं लिहून ठेवलेल्या मुक्कामांत नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ओळखू येतात. नवापूरच्या बारीक तांदळाला शिजताना कस्तुरीचा वास येतो, असंही त्यानं नोंदवलं आहे. तो धुळीचा लोट जवळ आला की कळतं, हा वणजाऱ्यांचा तांडा आहे. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल, पाठीवर धान्य नाही तर मीठ. अरुंद वाटेत असा तांडा समोर आला की गाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावं लागे, असं ताव्हेर्निए म्हणतो. तुम्हीही थांबा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, रिकाम्या पोटी चालणारी पोरं, डोक्यावर संसार घेतलेल्या बाया. मुलूख पोसणारं धान्य या बैलांच्या पाठीवरून जात होतं. काठच्या गावांना मिळत होती ती धूळ, आणि बैल बसले तर शेण.

फेब्रुवारी १८१८. पुन्हा थाळनेर. इथे जरा जास्त वेळ थांबायला हवं.

महिदपूरला होळकरांचा पराभव होऊन दोन महिने झाले आहेत. मंदसोरच्या तहानं होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा सगळा मुलूख इंग्रजांना लिहून दिला आहे, त्यात थाळनेर आलं. कागद झाला, पण किल्ल्यातल्या शिबंदीला तो मान्य नाही. २७ तारखेला सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून येते. किल्ल्यावरून गोळी सुटते. एकामागून एक पाच दरवाजे, वळणावळणाची वाट. बाहेरचे दरवाजे पडतात, किल्लेदार तुळशीराम मामा दिंडीतून बाहेर येऊन स्वाधीन होतो. शेवटच्या दरवाजाआड अरब शिपाई आहेत. बोलणी चालतात. एकाची भाषा दुसऱ्याला समजत नाही. दिंडी उघडते, काही इंग्रज अधिकारी आत शिरतात, आणि आत कापाकापी होते. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले जातात. मग फौज आत घुसते आणि सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापून काढते. त्याच संध्याकाळी तुळशीरामला फाशी देतात.

तो आधीच शरण आला होता. त्याच्या हातून त्या दिंडीत काहीही घडलं नव्हतं. लंडनमध्ये ब्रिटिश संसदेतसुद्धा या फाशीबद्दल प्रश्न विचारले गेले. एवढ्या लांबच्या तापीकाठच्या गढीचं नाव तिथे निघालं ते या अन्यायामुळे. किल्ल्याचा बराच भाग आता ढासळला आहे, पण दरडीच्या कडेला उभे राहिलात तर खाली तापी दिसते, आणि इथून पळायला जागा नव्हती हे समजतं.

इंग्रज आले. कॅप्टन ब्रिग्जनं धुळं हे ठाणं केलं, पेठ वसवली. १८२५ मध्ये औट्रमनं धरणगावला भिल्ल पलटण उभारली. आग्रा रोड बांधला गेला. तापीवर पूल नव्हता, नावेतून उतरावं लागे. आणि रस्ता झाला म्हटल्यावर सरकारी खजिना त्या रस्त्यानं जाऊ लागला.

आता तुम्ही सेंधव्याच्या घाटात आहात, नोव्हेंबर १८५७. घाटाची राखण खाज्या नाईक या भिल्ल नायकाकडे वर्षानुवर्षं होती. त्याला सरकारनं कामावरून काढलं होतं, उठाव पेटल्यावर पुन्हा बोलावलं, आणि तो सरकारच्याच विरुद्ध उठला. इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाख रुपयांचा खजिना त्याच्या माणसांनी या घाटात अडवला. घाटातली पायवाट न् पायवाट ज्यांच्या पायाखालची, त्यांना राखणीच्या पगारावर जन्मभर बांधून ठेवता येईल, हा सरकारचा हिशेब चुकला. पुढच्या एप्रिलमध्ये आंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्यांतल्या अनेकांना गोळ्या घातल्या. खाज्या नाईक तेव्हा हाती लागला नाही. पुढे दगाफटका करून त्याला मारलं.

मधली वर्षं सोडा आणि थेट १४ एप्रिल १९४४ ला या. ठिकाण चिमठाणे, नरडाण्याच्याच तालुक्यात. उन्हाळा ऐन भरात आहे. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना निघाला आहे, या वेळी मोटारीतून. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी आणि त्यांचे साथीदार इतक्या लांबून इथे आले आहेत, कारण खानदेशात डॉ. उत्तमराव पाटलांसारखी माणसं भूमिगत राहून काम करीत आहेत. खजिना अडवला जातो. सुमारे साडेपाच लाख रुपये चळवळीच्या हाती लागतात. मागून पोलीस, चकमकी, रानोमाळ पळापळ.

मोठी नावं इतिहासात आली, यायलाच हवी होती. पण तुम्ही त्या रात्री चिमठाण्याच्या आसपासच्या एखाद्या वस्तीवर थांबा. अंधारात दारावर थाप पडते. बाहेरची माणसं दुष्काळी सातारच्या बोलीत पाणी मागतात, घरातली अहिराणीत विचारतात. दार उघडायचं की नाही हे ठरवायला त्या घरच्या माणसाला फार वेळ मिळत नाही. पकडलं गेलं तर काय होईल हे त्याला पुरतं ठाऊक आहे. अशी दारं उघडल्याशिवाय भूमिगतांचा एक दिवससुद्धा निभत नसतो. त्या दारांची यादी कुणी केलेली नाही.

मी तुम्हांला एक वर्ष ओलांडून पुढे आणलं. तिथे परत जायला हवं. विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. दुकानदारांच्या बोलण्यातला छपन्नचा काळ. पाऊस पडलेला नाही. खानदेशावर एवढा वाईट दुष्काळ क्वचितच आला. कापूस नाही, ज्वारी नाही, गुरांना वैरण नाही. आणि याच महिन्यांत तापी व्हॅली रेल्वेचे रूळ पुढे सरकत आहेत. सुरतेहून सुरू झालेलं काम १९०० मध्ये अमळनेरला पोचलं. वणजाऱ्यांच्या बैलांची ती जुनी वाट आता लोखंडाची झाली. भरावाशेजारी उभे राहून पाहा. पाट्या टाकणाऱ्यांच्या बरगड्या मोजता येतात. नरडाण्याला स्टेशन झालं ते अशा वर्षात.

त्याच सुमाराला चाळीसगावहून धुळ्यापर्यंत दुसरा फाटा आला आणि तिथेच संपला. धुळं जिल्ह्याचं ठाणं, नरडाण्यापासून फार तर बारा कोस. एवढा तुकडा जोडला गेला असता तर मुंबईचा रूळ आणि सुरतेचा रूळ इथे एकमेकांना मिळाले असते. तो जोडला नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ नाही. दोन कंपन्यांचे दोन कारभार, पुढे दोन रेल्वे विभाग, आणि मधे सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी, शिरपूर-शिंदखेड्याचा कापूस बैलगाडीनं, मग ट्रकनं इकडून तिकडे जात राहिला. याला दिरंगाई म्हणणं फार सौम्य होईल. एका अख्ख्या जिल्ह्याची ती उपेक्षा होती.

१९७२. पुन्हा पाऊस नाही. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, ढिगापाशी बायका. हातोडी उचलायची, दगडावर मारायची, पुन्हा उचलायची. तान्ही पोरं लुगड्याच्या झोळीत. दुपारी सुकडी वाटली जाते. घरी मिलोची भाकरी, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, जी तव्यावर नीट फुगत नाही आणि गिळताना घशाला लागते. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती गोड कशी लागावी? तुम्ही जवळून जाताना एक म्हातारी मान वर करून विचारते, ‘कथा चालनात, नाना?’ तापीवर चाललो म्हणा. ती काही बोलणार नाही. भरल्या नदीपासून काही कोसांवर बसून ती खडी फोडते आहे.

असं का, ते पाहायला पांझराकाठी चला. साक्री-धुळ्याकडे ही नदी उथळ आहे. जुन्या लोकांनी तिच्यावर दगडी बंधारे घातले, बंधाऱ्यातून पाट काढला, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्यानं द्यायचं, राखण जागल्यानं करायची. शेताच्या बांधावरून भांडणं झाली असतील, पण पाण्याचा हा कारभार गावांनी शेकडो वर्षं स्वतःच्या हिमतीवर चालवला. हीच पांझरा पुढे उत्तरेला वळून मुडावदला, कपिलेश्वराच्या देवळापाशी, तापीला मिळते. संगमावर उभे राहा आणि दरड पाहा. गाळाच्या मातीचा सरळ कडा, त्यात थरावर थर. पांझरेवर चालली ती युक्ती तापीवर चालत नाही. इथे पाणी आपण होऊन शेतात येणार नाही, ते वर उचलावं लागेल. उचलायला वीज लागते, पंप लागतात, पैसा लागतो, आणि सरकारची इच्छा लागते. यांतलं एकही १९७२ च्या त्या म्हातारीच्या हातात नव्हतं.

आता आजच्या दिवसात या. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज झाले. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून पाणी जमिनीत मुरवलं, त्याला लोक शिरपूर पॅटर्न म्हणतात. उत्तर काठाला ते साधलं. दक्षिण काठासाठी सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजना आहे. तापीचं पुराचं पाणी सुलवाड्याहून उचलायचं आणि सोनगीरजवळच्या जामफळ धरणात आणायचं. १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात या योजनेचं भूमिपूजन झालं, आणि त्याच दिवशी धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाचंही. बोरविहीरहून निघून नरडाण्याला येणारा हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा, १९०० साली राहून गेलेला. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रानं मंजुरी दिली. म्हणजे तापी ओलांडून सेंधव्याकडे जाणाऱ्या आग्रा रोडला आता रुळांची जोड मिळणार.

तेव्हा चौफुलीवर पुन्हा उभे राहा आणि शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. त्याची जमीन एकदा औद्योगिक वसाहतीच्या मोजणीत आली असेल, एकदा रेल्वेच्या, एकदा कालव्याच्या. मोबदल्याचे कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेले असतात. विचारलंत तर आतून आणून दाखवील. त्याला रूळ हवा आहे, पाणीही हवं आहे. त्याचे दोनच प्रश्न आहेत. इंदूर-मुंबई गाड्यांना नरडाण्याला थांबा मिळणार का, की तांड्यांसारख्या त्याही नुसत्या पुढे जाणार? आणि जामफळात पाणी आलं तर त्याच्या शिवारातल्या चारीला ते कोणत्या वर्षी सुटणार? वेळापत्रक आखणाऱ्यांनी आणि पाळीपत्रक लिहिणाऱ्यांनी कागदावर सही करण्याआधी त्याला याचं उत्तर द्यावं. मालधक्का, शीतगृह, कापसाची गाठ चढवायची सोय, आणि शेवटच्या चारीपर्यंत पाणी, या मागण्या लेखी देण्यासारख्या आहेत, आणि तालुक्यातली माणसं त्या देत आली आहेत.